हॅरी सेल्डनच्या गणितात बायका कुठे आहेत?

आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथांच्या मालिकेबद्दल दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, तिच्यात इतिहासाचं एक झपाटून टाकणारं तत्त्वज्ञान आहे. दोन, तिच्यात बायका जवळपास नाहीतच. या दोन गोष्टी बहुतेक वेळा वेगवेगळ्या खणांत ठेवल्या जातात. तत्त्वज्ञान थोर आहे, बायकांचं चित्रण जुन्या काळचं आहे, तेवढं सोडून द्या, असा एकूण सूर असतो. मला हे पटत नाही. या दोन गोष्टी एकाच गाठीची दोन टोकं आहेत असं माझं मत आहे, आणि ती गाठ उलगडली की तत्त्वज्ञानही जास्त नीट समजतं. यासाठी कथानकातली मोठी रहस्यं उघड करावी लागणार आहेत. ज्यांना पुस्तकं कोऱ्या मनाने वाचायची आहेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1941 साली असिमोव्ह 21 वर्षांचा होता, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा प्रचंड इतिहास त्याने वाचलेला होता, आणि तसाच ऱ्हास आकाशगंगेत पसरलेल्या साम्राज्याचा झाला तर, ही कल्पना घेऊन तो 'अस्टाउंडिंग' मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याच्याकडे गेला. 1942 ते 1950 या काळात त्या मासिकात या मालिकेच्या आठ कथा आल्या. 1951, 1952 आणि 1953 साली त्यांची तीन पुस्तकं झाली. पहिल्या पुस्तकासाठी सुरुवातीची एक कथा नव्याने लिहिली गेली. 1966 साली 'सर्वकालीन सर्वोत्तम मालिका' म्हणून तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुढे 1982 पासून आणखी चार कादंबऱ्या आल्या, त्यातली शेवटची त्याच्या मृत्यूनंतर, 1993 साली.

कथेच्या मध्यभागी हॅरी सेल्डन नावाचा गणितज्ञ आहे आणि त्याने शोधलेलं एक शास्त्र आहे, सायकोहिस्टरी. असिमोव्ह रसायनशास्त्राचा माणूस, त्यामुळे कल्पना त्याने वायूंच्या सिद्धांतावरून उचलली. कुकरमधल्या वाफेचा एकेक रेणू पुढच्या क्षणी कुठे धडकेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण शिट्टी केव्हा होणार याचा अंदाज रोज स्वयंपाक करणाऱ्याला बरोबर असतो. सेल्डन म्हणतो, माणसांचंही तसंच आहे. एकटा माणूस काय करेल ते सांगता येणार नाही, पण अडीच कोटी ग्रहांवर पसरलेली अब्जावधी माणसं मिळून कुठे जाणार, ते गणिताने सांगता येईल. आणि गणित सांगतं की साम्राज्य कोसळणार, त्यानंतर 30,000 वर्षं अंधारयुग राहणार. कोसळणं टळणार नाही. पण दूरच्या टर्मिनस ग्रहावर शास्त्रज्ञांची एक वसाहत, म्हणजे पहिलं फाउंडेशन, आणि दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, दुसऱ्या टोकाला गुप्त जागी मनाच्या अभ्यासकांचं दुसरं फाउंडेशन स्थापलं, तर तो काळ 1,000 वर्षांवर आणता येईल. हीच सेल्डनची योजना.

याला नियतिवाद म्हणतात, पण आपल्या ओळखीचा नव्हे. सटवाईने कुणाच्या कपाळी काही लिहिलेलं नाही. एकेकटा माणूस पूर्ण मोकळा आहे. बांधलेला आहे तो फक्त समुदाय. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. जयंत नारळीकरांनी तर प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंड्यांना थेट अशा जगात नेऊन सोडलं जिथे ती गोळी हुकलेली आहे आणि पुढचा सगळा इतिहास बदललेला आहे. सेल्डनला हे मान्य झालं नसतं. तो म्हणाला असता, गोळी हुकू दे नाहीतर लागू दे. रसद, पैसा, व्यापार, सैन्याची घडी हे सगळं जिथे ओढत होतं तिथेच इतिहास गेला असता, फार तर थोडं वळण घेऊन.

या शास्त्राच्या दोन अटी आहेत. समुदाय प्रचंड मोठा हवा, आणि आपलं भाकीत झालेलं आहे हे त्या समुदायाला ठाऊक नसावं. दुसरी अट वाचताना सहज निसटते, पण खरा चटका तिच्यातच आहे. योजना लोकांच्या भल्यासाठी असेल, पण ती चालायची तर लोकांनी अंधारातच राहायला हवं. कुणीतरी जाणणारा आणि बाकीचे न जाणणारे, अशी उतरंड या तत्त्वज्ञानात मुळापासूनच आहे.

आता पहिल्या पुस्तकातल्या बायका. सेल्डनवर खटला चालतो तेव्हा त्याला विचारलं जातं की तुमच्या प्रकल्पात एकूण माणसं किती. उत्तर येतं, लाखाच्या आसपास, बायकामुलं धरून. पुस्तकाच्या बऱ्याच मोठ्या भागात बायकांचा उल्लेख हा असा, आकड्यात धरलेला. टर्मिनसवर पिढ्या जातात, महापौर बदलतात, शेजारची राज्यं धमक्या देतात, आणि खोल्यांमध्ये सिगार ओढत बोलणारे सगळे पुरुष. लक्षात राहील अशी एकच बाई पुस्तकाच्या शेवटाकडे येते, कॉरेल नावाच्या राज्याच्या सत्ताधीशाची बायको. ती कजाग आहे, मोठ्या घरची आहे, नवऱ्याला सतत टोचून बोलते. होबर मॅलो नावाचा व्यापारी दरबारात अंगभर झळाळी पसरवणारा एक कमरेचा दागिना दाखवतो. प्रात्यक्षिकासाठी एका मोलकरणीला उभं करतात, तो घालताच ती सुंदर दिसू लागते, आणि मॅडमचे डोळे विस्फारतात. मोलकरीण एका उद्गारापलीकडे काही बोलत नाही.

इथवर वाचून राग येतो, आणि तो रास्त आहे. पण याच कथेत पुढे जे घडतं त्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही. कॉरेल फाउंडेशनशी युद्ध पुकारतं. मॅलो आता महापौर आहे, आणि तो लढत नाही. नुसता व्यापार थांबवतो. त्याचा हिशेब असा, की एव्हाना कॉरेलच्या घराघरात फाउंडेशनची अणुऊर्जेवर चालणारी छोटी उपकरणं पोचलेली आहेत. सुरी, चूल, धुलाईयंत्र, घर गार ठेवणारं यंत्र. दुरुस्ती बंद झाली की ही एकेक करून बंद पडतील. देशावर बाँब पडले तर माणसं हालअपेष्टा सोसतात, त्याचा अभिमान बाळगतात. पण शत्रू दिसतच नाही आणि घरातली सुरी कापेनाशी झालीय, यात कसला पराक्रम? समोरचा माणूस खिल्ली उडवतो, म्हणजे आता गृहिणींचं बंड होणार म्हणायचं, आमचं धुलाईयंत्र परत द्या अशा घोषणा देत? मॅलो म्हणतो, बंड नव्हे, कुरकुर. सगळीकडे पसरलेली, न थांबणारी कुरकुर. आणि तीन वर्षांत, जवळपास न लढताच, कॉरेल बिनशर्त शरण येतं.

म्हणजे एका अख्ख्या राज्याचा निकाल स्वयंपाकघरात लागतो. असिमोव्हच्या स्वतःच्या तर्काने घर ही इतिहासाची मोठी शक्ती ठरते. तरी आपण कॉरेलच्या एकाही घरात शिरत नाही, त्या कुरकुरीतला एकही आवाज ऐकत नाही. गणितात बायका आहेत, गोष्टीत नाहीत. इतिहास घडवणारा समुदाय म्हणून त्यांचं वजन मोजलं जातं, पण इतिहासाबद्दल बोलायचा हक्क बैठकीच्या खोलीतल्या पुरुषांकडे राहतो. जाणणारे आणि न जाणणारे ही जी उतरंड योजनेत आहे, तीच इथे पुरुष आणि बाई अशी उतरलेली आहे. हे नुसतं त्या काळच्या लेखकाचं दुर्लक्ष आहे असं म्हणून भागत नाही.

दुर्लक्षही होतंच. असिमोव्ह ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या गोळ्याचॉकलेटांच्या दुकानात राबत वाढला, मुलांच्या शाळेत शिकला. विशीतल्या आपल्या कथांमध्ये बायका नाहीत कारण आपल्याला बायका ठाऊकच नव्हत्या, असं तो पुढे सांगत असे. त्याही आधी, विशी गाठायच्या आत, मासिकांना पत्रं लिहून विज्ञानकथेत प्रेमप्रकरणं नकोत म्हणून त्याने हुज्जत घातली होती. आणि ठाऊक नसणं एवढाच हा भाग नाही. प्रसिद्ध झाल्यावर विज्ञानकथांच्या संमेलनांमध्ये तो बायकांच्या अंगाशी नको ती सलगी करायचा, हे त्याच्या समकालीनांनी नोंदवून ठेवलेलं आहे. त्याच्या लिखाणावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीही हे झाकू नये.

पण मग 1945 साली 'म्यूल' ही कथा आली आणि तिच्यात बेय्टा डॅरेल आली.

सेल्डनची योजना उधळून लावणारी ही कथा. तशी कल्पनाही असिमोव्हची नव्हे; योजना सुरळीत चालून कथा ठरावीक होऊ लागल्यात हे ओळखून कॅम्पबेलनेच ती मोडायला लावली. मोडायची कशी? ज्या गोष्टीचा हिशेब गणितात नाही ती आणून. म्यूल हा एक उत्परिवर्तित माणूस आहे, त्याला दुसऱ्याच्या भावना बदलता येतात. शत्रूच्या सेनापतीच्या मनात तो निष्ठा निर्माण करतो, शहरभर निराशा पसरवतो आणि न लढता जिंकतो. एकट्या माणसाला इतिहासात किंमत नाही, या तत्त्वावर उभी असलेली योजना एकट्या माणसापुढे कोसळते. टर्मिनसवर सगळे अधिकारी सेल्डनचं ध्वनिचित्रित भाषण ऐकायला जमतात, आणि सेल्डनची प्रतिमा शांतपणे बोलू लागते ती भलत्याच संकटाबद्दल, न झालेल्या यादवीबद्दल. म्यूलचा हल्ला मात्र दारात येऊन ठेपलेला असतो.

बेय्टा नवपरिणीत आहे, इतिहास शिकलेली आहे. सासरी पहिल्याच भेटीत जेवणानंतर ती फाउंडेशन का कुजत चाललंय याचं विवेचन करते: बदलाची भीती, हुकूमशाही, संपत्तीची विषम वाटणी. सासरची माणसं ऐकत राहतात. पुढे ती, तिचा नवरा टोरान, एब्लिंग मिस नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि वाटेत भेटलेला मॅग्निफिको हा घाबरट विदूषक, असे चौघं दुसऱ्या फाउंडेशनच्या शोधात निघतात. साम्राज्याची जुनी राजधानी असलेल्या ट्रॅन्टॉर ग्रहावरच्या ओसाड ग्रंथालयात मिस रात्रंदिवस खपतो, मरायला टेकतो, आणि त्याला जागा सापडते. तो ती बोलून दाखवणार, एवढ्यात बेय्टा त्याच्यावर बंदूक झाडते. मिस जागीच मरतो.

कारण बेय्टाने ओळखलेलं असतं की विदूषक हाच म्यूल आहे. हे तिला कसं कळलं? कुणी सांगितलं नाही, साक्षात्कार झाला नाही. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे एकच निराशा पसरत गेली आणि प्रत्येक ठिकाणी मॅग्निफिको सोबत होता, एवढ्या पुराव्यावरून तिने अनुमान काढलं. ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण नवऱ्याच्या मनात म्यूलने हात घातलेला आहे हेही तिने ताडलं होतं. आणि तिचं मन तेवढं शाबूत का राहिलं? म्यूलच कबुली देतो. आयुष्यभर कुरूप म्हणून हिणवलेल्या त्याला बेय्टा आपणहून आवडीने वागवत होती. ती आपुलकी खरी होती, म्हणून तिला धक्का लावायची त्याला इच्छा झाली नाही. सगळ्या दीर्घिकेला गुडघ्यावर आणणारा माणूस तेवढ्या एका जागी चुकला.

हा प्रसंग पुष्कळदा 'बाईच्या मायेने जग वाचवलं' असा वाचला जातो. मला तो आळशी वाचनाचा नमुना वाटतो. मायेने तिला फक्त मोकळं मन मिळालं. त्या मोकळ्या मनाने तिने जे केलं ते निरीक्षण, तर्क आणि निर्णय होता, आणि निर्णय भयंकर होता: समोरच्या मित्राला मारण्याचा. हाती पूर्ण खात्री नाही, विचारायला कुणी नाही, वेळ दोन सेकंदांचा. नीतिशास्त्राच्या वर्गात चर्चेला घ्यावा असा हा पेच आहे. त्यानंतर ती म्यूलला तोंडावर सांगते की तुझं राज्य तुझ्याबरोबर संपणार, आणि तोही मान्य करतो. खेचरासारखी त्याला संतती होणार नाही, नाव त्यावरूनच पडलेलं आहे.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहा. योजना मोडणारी व्यक्ती पुरुष आहे, वाचवणारी व्यक्ती बाई आहे, आणि दोघंही सेल्डनच्या गणिताबाहेरचे आहेत. गणितातून वगळलेली 'व्यक्ती' जेव्हा कथेत परत येते, तेव्हाच बाईही पहिल्यांदा माणूस म्हणून कथेत येते. दोघांना बाहेर ठेवणारा दरवाजा एकच होता.

बेय्टाची नात आर्कडी ही 14 वर्षांची मुलगी, तिसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धाची नायिका. हुशार, नाटकी, निबंधात मोठमोठे शब्द वापरणारी. ती एका अंतराळयानात लपून परग्रहावर जाते, युद्धात सापडते, निसटते, आणि दुसरं फाउंडेशन कुठे आहे याचं उत्तर बापाला कळवते: वर्तुळाला टोक नसतं. म्हणजे दीर्घिकेचं दुसरं टोक शोधत गेलात तर फिरून टर्मिनसवरच याल. बापाला एक भीती आहे. हे उत्तर पोरीला सुचलं, की कुणी तिच्या मनात पेरलं? तो यंत्राने तिचा मेंदू तपासतो. कुठलीही खूण नाही. त्याचा जीव भांड्यात पडतो.

पुढच्या प्रकरणात वाचकाला सत्य कळतं. उत्तर खोटं आहे, दुसरं फाउंडेशन ट्रॅन्टॉरवर आहे, आणि आर्कडीचं मन ती जन्मली तेव्हाच घडवलेलं होतं. घडलेल्या मनात नंतर फेरफार केला तर खूण राहते. तान्ह्या मनात केला तर राहत नाही, कारण मोडायला तिथे काहीच नसतं.

मला ही संपूर्ण मालिकेतली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा वाटते. इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न इथे अगदी टोकाला नेलेला आहे. आर्कडीने घेतलेला प्रत्येक निर्णय तिला स्वतःचा वाटतो, त्यात तिला आनंद आहे, नुकसान काही नाही. मग तिच्याकडून काय हिरावलं गेलं? आणि वाढवलं जाताना आपल्या मनात जे जे घातलं जातं, मुलीने कसं बसावं, किती बोलावं, काय आवडून घ्यावं, त्याच्या खुणा तरी कुठल्या यंत्रात दिसतात? असिमोव्हला हे म्हणायचं होतं असा माझा दावा नाही. पण त्याने या प्रसंगासाठी मुलगी निवडली, आणि वाचणाऱ्या बाईला त्यात हा अर्थ दिसल्यावाचून राहत नाही. याच भागात कॅलिया आहे, एका सत्ताधीशाची भोळसट ठेवलेली बाई. ती दुसऱ्या फाउंडेशनची हेर निघते. तिचं सोंग टिकतं कारण तिच्याकडून अकलेची अपेक्षाच कुणी केलेली नसते.

एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. प्रकरणांच्या सुरुवातीला काल्पनिक ज्ञानकोशातले उतारे आहेत, त्यात आर्कडीची नोंद आहे: कादंबरीकार, पण ओळखली जाते आजीच्या चरित्रासाठी. म्हणजे बेय्टाची गोष्ट इतिहासात पोचते ती नातीने लिहिली म्हणून.

1982 नंतरच्या कादंबऱ्यांत बायका भरपूर आहेत. टर्मिनसची महापौर ब्रॅनो ही बाई आहे आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. सेल्डनच्या तरुणपणाच्या कादंबरीत मायकोजेन नावाचा समाज आहे, जिथे केस निषिद्ध आहेत, बायकांना पवित्र जागी प्रवेश नाही, आणि त्यातली एक बाई नुसता सेल्डनच्या केसांना हात लावायला मिळावा म्हणून धर्मग्रंथ देऊन टाकते. दडपलेल्या इच्छेचं इतकं हळवं चित्र असिमोव्हने क्वचितच काढलं असेल. पण एक नमुना दिसत राहतो. आर्कडीचं मन घडवलेलं. नोव्ही ही शेतकरी बाई गाया या ग्रहव्यापी जाणिवेची हस्तक. ब्लिस त्याच गायाचा अंश, आणि तिचं वर्णन करताना लेखकाची नजर तिच्या अंगावरून हटत नाही. डॉर्स व्हेनाबिली, सेल्डनची बायको, विदुषी, लढवय्यी, ती यंत्रमानव निघते, एका पुरुषाच्या रक्षणासाठी बनवलेली. पुरुषांचीही मनं या मालिकेत बदलली जातात हे खरं. तरी दीर्घिकेचं भवितव्य ठरवायचा मोकळा निर्णय 1982 साली ट्रेव्हिझ या पुरुषाच्या हाती दिला जातो. बेय्टाइतकी मोकळी बाई पुन्हा आली नाही.

2021 पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेने गाल डॉर्निक आणि सॅल्व्हर हार्डिन या दोन पुरुष पात्रांना स्त्रिया केलं. अभिनय उत्तम आहे, मला त्या दोघी आवडतात. पण त्यांना भविष्याची चाहूल लागते, त्या जन्मजात असामान्य आहेत. समुदाय मागे पडतो आणि निवडलेल्या व्यक्तींची गाथा उरते. बायका आल्या, सायकोहिस्टरी गेली. कॉरेलच्या त्या कुरकुरणाऱ्या घरांत कॅमेरा नेला असता तर दोन्ही साधलं असतं.

असिमोव्ह स्वतः मात्र शेवटी एका विचित्र ठिकाणी पोचला होता. 1986 च्या कादंबरीत सोलारिया ग्रहावरची माणसं उभयलिंगी आहेत, प्रत्येकजण स्वतःत पूर्ण, एकेकटा, आणि पाहुण्यांना ती 'अर्धी माणसं' म्हणतात, कारण पाहुणे पुरुष आणि बाई असे विभागलेले आहेत. तिथलं एक मूल, फॅलम, प्रवाशांसोबत येतं. शेवटी ट्रेव्हिझला कळतं की सायकोहिस्टरीला एक तिसरी अट होती, जी इतकी उघड होती की सेल्डनने कधी बोलूनच दाखवली नाही: दीर्घिकेत बुद्धिमान जात एकच आहे, माणूस. हे बोलून तो फॅलमकडे पाहतो, आणि आपल्यातच वेगळी जात येऊन बसलेली तर नाही ना, या शंकेवर कादंबरी संपते. सेल्डनच्या गणितात 'माणूस' म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न पंचेचाळीस वर्षांनी असिमोव्हने स्वतःच विचारला. त्यानंतर या मालिकेत त्याने लिहिलेल्या दोन्ही कादंबऱ्या कथानकात मागे, सेल्डनच्या काळात जातात. फॅलमच्या पुढचा काळ त्याने लिहिला नाही.